पंचाक्षरी परत कर

जळकोट, बुधवार

अक्का, आधी पंचाक्षरी परत कर, मग मी खुशाली विचारतो.

आता म्हणशील, पत्राची सुरुवात अशी करतात का. बरं. ती. शिवलीलाअक्का हिला धाकट्या आतेभावाचा, श्रीशैलचा, शरणार्थ. मामांचा गुडघा कसा आहे, मामीचं बीपी काय म्हणतंय? तुझी तब्येत चांगलीच असणार (दुसऱ्यांची माणसं पळवणाऱ्यांची असतीच). आम्ही इकडं मजेत आहोत. आम्ही म्हणजे मी आणि फ्लेक्स. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, मधीच हसतीस, म्हणून लिहितोय. पत्र वाचताना पाहिजे तितकं हस, मला ऐकू येत न्हाई.

आमच्या ‘उजेड वाचन मंचा’चं काम तुला ठाऊक आहे. दर रविवारी समाजमंदिरात सतरंज्या टाकायच्या, पुस्तकांची ट्रंक आणायची आणि गावाला दोन तास काहीबाही वाचून दाखवायचं. ट्रंक एकट्याला झेपत न्हाई, म्हणून स्वयंसेवक शोधत घरोघर फिरलो. जो तो विचारायचा, ‘मला काय म्हणून घेणार?’ मला वाटलं, माणूस टिकवायचा तर त्याला मान द्यावा. बलभीमला उपाध्यक्ष केलं, हर्षालीला सचिव, पंचाक्षरीला प्रसिद्धीप्रमुख. असे अकरा जण. बसस्टँडवर अकरा फोटोंचा फ्लेक्स लावला (बारावा माझा, थोडा मोठा, अध्यक्ष म्हणून). पहिल्या रविवारी म्हणलं, चला, ट्रंक उचला. कुणी हललं न्हाई. बलभीम म्हणला, ‘उपाध्यक्षानं ट्रंक उचललेली बरी दिसती का रे?’ हर्षालीनं वही काढून ‘ट्रंक अद्याप आली नाही’ अशी नोंद केली. शेवटी मीच ती फरफटत नेली आणि पंचाक्षरीनं माझा फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘मंचाची घोडदौड’. अकरा अंगठे आले. कार्यकर्ता हे पद कुणालाच द्यायचं राहिलं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

पुढच्या बैठकीत फ्लेक्सवर कुणाचा फोटो कुणाच्या खाली आला यावरून चौघांनी राजीनामे दिले, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले न्हाईत. ते सोड. पण माझ्याकडं सतरंजी झटकायला सांगितली की ज्याची कंबर धरायची, तो पंचाक्षरी तुझ्या उमरग्यात, एकट्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायच्या तुझ्या कामात, त्यांना धरून जिने चढतोय, हे मला कळलं कुणाकडून? आईकडून. आणि आईला कसं कळलं? कारण तुझी आत्या, म्हणजे माझी सख्खी आई, दर गुरुवारी मला ‘बाजाराला जाते’ सांगून एसटीनं तुझ्याकडंच येत होती. घरातली बाई फोडलीस, अक्का. मी विचारलं, मंचाला का येत न्हाईस? तर म्हणती, ‘तुझ्याकडं येऊन काय करू? तू वाचतोस, आम्ही जांभया देतो. तिकडं मी गेले न्हाई तर चन्नबसप्पाअण्णा दवाखान्यातच जात न्हाईत.’

म्हणून गेल्या महिन्यात मी हेरगिरीला आलो. मला वाटलं, तू प्रमाणपत्रं वाटत असशील, टीशर्ट, निदान चहा तरी चांगला असेल. (चहा वाईट आहे. खरं सांगतो.) तू ‘इकडं कसा?’ असंसुद्धा विचारलं न्हाईस. वही उघडलीस आणि म्हणलीस, ‘गुरुवारी मोकळा असतोस का?’ एका बाजूला म्हाताऱ्यांची नावं, समोर एकेक स्वयंसेवकाचं, बस. ना पद, ना फोटो. माझा नंबर तू स्वतःजवळ ठेवलाच न्हाईस, एका कागदावर लिहून माझ्या वाट्याला आलेल्या म्हातारीला, गंगम्माला, दिलास. तेव्हा मी मनात हसलो होतो.

त्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, तर तिथं तिच्या डोळ्यांत थेंब टाकून दीड तास डोळे मिटून बसवलं. ती कंटाळली, मीही कंटाळलो. पिशवीत माझी नवी गोष्ट होती (एक माणूस खिडकीशी बसलेला असतो, बारा पानं), ती वाचायला घेतली. आमच्या मंचात ती वाचली तेव्हा उपाध्यक्ष घोरत होते. गंगम्मा चौथ्या पानाला म्हणली, ‘मुंदेनु?’ पुढं काय? मी म्हणलं, पुढं तो बसलेलाच आहे. ‘जेवला का न्हाई तो?’ मी म्हणलं, लिहिलं न्हाई. म्हणली, ‘सकाळपासनं उपाशी ठिवलाव व्हय त्याला? पुढच्या टायमाला जेवण लिहून आण.’ अक्का, मला आजवर पुढं काय असं कुणी विचारलेलं न्हाई. कथालेखनाच्या सर्टिफिकेट कोर्सच्या सरांनीही न्हाई.

मी मात्र ऐटीत सांगून आलो की मला वेळ न्हाई, माझी स्वतःची संस्था आहे. पुढच्या गुरुवारी सकाळी सात वाजता गंगम्माचा फोन आला, मी उचलला न्हाई. तेवढ्यावर तू तिला पंचाक्षरीच्या हवाली केलंस. आणि त्या प्रसिद्धीप्रमुखानं काय करावं? तिनं गोष्टीचं विचारलं, तर यानं सांगितलं की खिडकीतला माणूस उठला, पोटभर जेवला आणि बेंबळी गावच्या पोरीशी त्याचं लग्न झालं. आई सांगत होती, दवाखान्यातली आख्खी रांग ऐकत होती म्हणे. माझी गोष्ट. माझा माणूस. लग्नाला मलाच बोलावणं न्हाई.

असो. थोरांना नमस्कार, तुला तूर्त काही न्हाई.

आपला,
श्रीशैल
(अध्यक्ष; सध्या सगळी पदं)

ता. क. पंचाक्षरी तुझ्याकडंच ठेव. त्याला दुसरं कुणीही दे, पाहिजे तर दोन म्हातारे दे. गंगम्माच्या समोर माझं नाव लिही. पेनानं लिही.

ता. क. २. जेवण लिहिलंय. पिठलं-भाकरी. लग्न मी मोडणार होतो, पण तिला आवडलंय म्हणे, तर राहू दे.

ता. क. ३. हे पत्र गुरुवारी आई तुझ्या हातात देईल. ती पुढच्या सीटवर असेल, मी त्याच एसटीत मागं. तू चष्मा शोधून इथपर्यंत वाचत येशील तोवर मी गंगम्माला घेऊन रिक्षात बसलेलो असेन. नंबर लवकर लावावा लागतो, थांबता येत न्हाई.