दोर सैल असताना

प्रिय खिजर,

शिव्या घालूनच सुरुवात करणार होतो, पण पत्र नसरीनवहिनींच्या हातून जाणार आहे म्हणून आवरतो. सोमवारी तुझी तारीख आहे आणि नबीलालचाचांच्या मृत्यूचा गुन्हा तू कबूल करणार आहेस, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. वकील विजयसिंह तुझ्यापुढे डोकं आपटून थकले म्हणे. माझ्या हातून बाप मेला, असं भर कोर्टात सांगायला निघालायस, गाढवा. निदान हे वाचून होईपर्यंत तरी दम धर.

आधी माझी बातमी ऐक. गेल्या बुधवारी बेंगळुरूत मी माझ्या साहेबांच्या, राजवर्धन यांच्या, तोंडावर ठोसा मारला. समोरचा दात पडला. सगळ्या ऑफिसदेखत. आयुष्यात कुणावर हात न उचलणारा मी, दुसरा ठोसा मारायलाही निघालो होतो, चौघांनी धरलं म्हणून थांबलो. का मारला ते सांगायचं तर थोडं कामाचं सांगावं लागेल.

गेल्या दिवाळीत मी तुम्हाला माझं काम समजावून सांगितलं, तेव्हा तू हसून म्हणालास, ‘म्हंजे आभाळात क्रेनचाच धंदा की!’ अगदी तोच. रॉकेट उपग्रहाला खालच्या कक्षेत सोडून मोकळं होतं. तिथून वर त्याच्या जागेवर ओढून न्यायला स्पेस टग. आमच्या बाबांनी तेव्हाच खोड काढली होती, ‘आन् रिकामी गाडी परत आणायचं डिझेल कोण घालणार रं?’ वर्षभर आमच्या बैठकांत याच प्रश्नावर घसे कोरडे पडतायत. एकाच उपग्रहासाठी टग पाठवायचा, तर त्यालाच मोठं इंजिन लावलेलं काय वाईट? एका खेपेत पाच-सहा कामं झाली तरच हा उद्योग जमतो. उंची वाढवणं एक वेळ निभतं, पण कक्षेचा कल बदलायला जावं तर इंधन पाण्यासारखं जातं. आणि बंद पडलेला उपग्रह स्वतःभोवती गरगरत असतो, त्याला हुक अडकवायला जागा नसते. म्हणून कुणीतरी दोराने ओढायची टूम काढली. कुणीतरी म्हणजे मीच. उचगावच्या पुलाखाली, चाचांच्या क्रेनच्या गॅरेजात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

बुधवारी त्याची चाचणी होती. काचेसारख्या गुळगुळीत फरशीवर, हवेच्या गादीवर तरंगणारा तीनशे किलोचा खोटा उपग्रह, समोर आमचा टग, मध्ये दोर. तरंगता तरंगता दोघं जवळ आले आणि दोर सैल पडला. तेवढ्यात टगचं इंजिन सुटलं. हिसका बसला, दोर तुटला आणि उलटा आला. कॅमेऱ्याचा लोखंडी स्टँड त्याने मधोमध वाकवला. उपग्रह भिरभिरत जाऊन काचेच्या भिंतीतून आरपार गेला. आम्ही सगळे दुसऱ्या खोलीत होतो. राजवर्धन हसत म्हणाले, बरं झालं, वाटेत कुणी उभं नव्हतं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! पण माझ्या कानात तो आवाज होता, खिजर. तोच फटका. त्या हसण्यावरच मी ठोसा मारला.

चाचा गेले त्या दुपारी मी सुट्टीवर आलेलो, तुमच्याबरोबर हायवेवर होतो. ओतीव लोखंडाने भरलेला ट्रक खड्ड्यात कलंडला होता, पाठीमागे कागलपर्यंत गाड्या तुंबलेल्या, हॉर्न वाजवून लोकांनी डोकं उठवलं होतं. तू क्रेनच्या केबिनमध्ये. तिथून खड्डा दिसत नाही. लिव्हरवर बसलेल्याने एकाच माणसाच्या हाताकडे बघायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हा चाचांचा कायदा. दोर सैल असताना ओढायचा नाही, हाही त्यांचाच. हुक बसलाय का बघायला चाचा खाली उतरले. अजून ते दोराच्या रेषेतून बाजूलाही झाले नव्हते. हिसका बसला, वायररोप तुटला आणि चाचांच्या छातीवर आला. बरगड्या मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ते खाली पडले तेव्हा त्यांच्या तोंडातून रक्त येत होतं आणि डोळे उघडेच होते.

मग लोकांनी तुला केबिनमधून ओढलं. मेलेला माणूस तुझा बाप आहे हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ट्रकच्या मालकाने जॅकचा दांडा तुझ्या पाठीत घातला, एकाने चपलेने थोबाड फोडलं, दोघे पोटात लाथा घालत होते. तू हात वर केला नाहीस, नुसतं ‘अब्बा, अब्बा’ करत होतास. आणि मी दहा पावलांवर उभा होतो, हात खाली सोडून. मला कुणी एक चापटही मारली नाही.

दवाखान्यात डोक्याला टाके घालून घेत तू पोलिसांना सांगितलंस, माझ्याच मनानं दोर वडला. मी तोंड उघडायला लागलो तर मनगट पिरगाळून म्हणालास, ‘गप बस. तुझं आभाळातलं काम बुडंल.’ आणि मी गप्प बसलो. तू सांगितलंस म्हणून नव्हे. मला गप्प बसायचंच होतं. तिसऱ्या दिवशी मी बेंगळुरूची गाडी पकडली. बेगमचाची तेव्हापासून तुझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत, तुझं ताट वेगळं वाढून ठेवतात, हे मला दहा महिने माहीत आहे. तरी रोज जेवलो, झोपलो, पगार घेतला. थू माझ्यावर.

त्या दिवशी चाचांनी इशारा करायला मला उभं केलं होतं. तू माझ्या हाताकडे बघत होतास. हॉर्नने वैतागून मी मूठ खाली मारली, ओढ म्हणून. दोर सैल होता ते मला दिसत होतं, तुला नाही. आज सकाळी गावी उतरून पोलीस ठाण्यात जाऊन मी हा जबाब सहीनिशी दिला आहे, विजयसिंहांकडे त्याची प्रत आहे. नोकरी राहते का, मला आत टाकतात का, ते होईल तसं होईल. पण तुझ्या अम्मीला ही गोष्ट पोलिसांकडून कळता कामा नये. वहिनी हे पत्र तुला गॅरेजवर आणून देतील, तेव्हा मी तुझ्या घरी चाचींसमोर बसलेला असेन. तू वाटेतच अडवशील म्हणून कळवलं नाही. मला मारायचं असेल तर ये, जॅकचा दांडा घेऊन ये, मी हात वर करणार नाही. फक्त माझं सांगून होईपर्यंत उंबऱ्याबाहेर थांब. त्या हाक मारतील तुला.

तुझाच,
राजवीर