क्रॅकर्स पाहुणे आल्यावरच लाव

बाळ्या,

काबुली चण्यांचं हम्मस निळ्या थाळीत पसरून फ्रिजमध्ये ठेवलंय. चमच्याच्या पाठीने गोल वळणं काढलीत, त्यांत ऑलिव्ह तेल सोड आणि वर डाळिंबाचे दाणे पेर. क्रॅकर्सची खारी बिस्किटं पाहुणे आल्यावरच कडेने उभी खोच, आधी लावलीस तर मऊ पडतील. "ताई, मित्र येतायत, बघत राहावं असं काहीतरी कर," म्हणालास, म्हणून सकाळपासून खपले.

दुपारी एजंटचा फोन आला. येणारे तुझे मित्र नाहीत, आपलं घर विकत घेणारी माणसं आहेत, हे मला त्याच्याकडून कळलं. "आजींची सोय कुठे केलीत?" असंही त्याने आईबद्दल विचारलं. तू आधी एका शब्दाने विचारलं असतंस, तर मी भांडले असते, पण तुझ्यासोबत राहिले असते.

आईला घेऊन मावशीकडे जातेय. तिला अजून काही सांगितलेलं नाही. निघताना तिने तुझ्यासाठी थोडं हम्मस वाटीत वेगळं काढून झाकून ठेवलंय. "सगळ्यांना वाढण्याच्या नादात त्याला स्वतःला उरायचं नाही," म्हणाली.

ताई