पाठीवर बॉयलर घेतलेल्या माणसाबद्दल जावईबापूंना

दुर्गापूर (चंद्रपूर)
शनिवार

जावईबापू कुलदीपराव यांस,

सासरे सोमाजी यांचा सप्रेम जयभीम. आम्ही दोघंही ठीक आहोत. तुमच्या सासूबाईंचा गुडघा पायऱ्या चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, म्हणून अर्धाच इलाज चालू आहे. तुमच्या एटापल्लीचा रस्ता चालू आहे की पुन्हा बंद, तुमचा खोकला गेला का, ते कळवावे. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण फोन केला की हर्षा स्पीकर चालू करते, आणि हा विषय स्पीकरवरचा नाही.

मागच्या महिन्यात हर्षा नर्सांच्या ट्रेनिंगसाठी आठ दिवस इथं होती, तेव्हा तुमचा लॅपटॉप आमच्या कपाटात ठेवून गेली, हे तुम्हाला माहीतच आहे. "बाबा, ह्यायच्या डोक्यातून तो वाफेचा खेळ जात नाई, तोवर हा देऊ नका," असं तिनं बजावलं. तुमच्या घरात सध्या गॅस आणि दूध याशिवाय तिसरा विषय निघत नाही, असंही तिच्या बोलण्यात आलं. (सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.) जावयाला चार शब्द समजावून सांगा, अशी जबाबदारी माझ्यावर टाकून ती गेली. आता, जो खेळ मी पाहिलाच नाही त्याबद्दल काय समजावणार? एकतीस वर्षं पावर हाउसमध्ये बॉयलर ऑपरेटर होतो. यंत्र न पाहता शेरा लिहिणं मला जमत नाही. म्हणून केवळ तपासणीसाठी मी तो उघडला. (पासवर्ड हर्षाची जन्मतारीख आहे हे पाहून बरं वाटलं.)

त्या खेळात सगळंच वाफेवर चालतं. गाड्या, विमानं, तलवारी, एका म्हाताऱ्याचा तर डावा हातसुद्धा. आपला जो माणूस आहे तो पाठीवर पितळी बॉयलर बांधून शहरभर पळतो. त्या बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह नाही. पाण्याची पातळी दाखवणारी काच नाही. तो पाणी कधी भरतो हे तीन दिवस लक्ष ठेवूनही कळलं नाही. काटा लाल खुणेवर गेला की आम्ही बॉयलरवाले आग कमी करतो. हा माणूस तेव्हाच धावून जाऊन वार करतो, आणि खेळ त्याला त्याबद्दल जास्तीचे गुण देतो. मी पहिल्या दिवशी एकोणीस वेळा मेलो. काटा लालकडे सरकला की मी नियमाप्रमाणे बाजूला उभा राहून प्रेशर उतरायची वाट पाहायचो, आणि शिपाई तेवढ्यात येऊन मारायचे. एकदाही माझ्या बॉयलरचा अपघात झाला नाही, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

शेजारचे खुशालभाऊ टर्बाइनकडून रिटायर झालेले. त्यांना दुसरं मत म्हणून बोलावलं. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, हे ओली वाफ होय. हिनं तलवार फिरत नाई, गंजते." यावर आमचा वाद झाला, कारण वाफ ओली असल्याचा ठपका शेवटी बॉयलरवाल्यावर येतो. ते चहा न पिता गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जवळचा चष्मा घेऊन स्वतःहून आले. तेव्हापासून नकाशा त्यांच्याकडे आहे.

खेळ कमी खर्चात केलेला आहे हे लगेच दिसतं. अख्ख्या शहरात माणसांचे चेहरे पाचच. ज्याला मी पुलावर ठार केलं तोच पुढच्या गल्लीत मला काम देतो, आणि मनात काही ठेवत नाही. ओठ हलून संपल्यावर आवाज येतो. सोबतीला दिलेली बाई भिंतीत तोंड घालून चालत राहते. खुशालभाऊंना हे पटलं नाही. पण मी वडश्याचा, झाडीपट्टी नाटकांच्या गावचा. आमच्याकडच्या नाटकमंडळीत पहिल्या अंकातला इन्स्पेक्टर दुसऱ्या अंकात मिशा काढून मुलीचा बाप होतो, आणि समोर बसलेली बाई दोन्ही वेळा त्याच्यासाठी रडते. माणसं कमी आहेत म्हणून नाटक खोटं ठरत नाही.

आता मुख्य प्रसंग. दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी सासूबाई कुकर माझ्यावर सोपवून दळण आणायला गेल्या. तीन शिट्ट्यांनी बंद करा म्हणाल्या. खेळातही शिट्ट्या वाजत असतात. मी खेळातल्या शिट्ट्या घरातल्या समजून आणि घरातल्या खेळातल्या समजून मोजत राहिलो. मग कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला (म्हणजे त्याचं काम त्यानं चोख केलं) आणि वरण छताला लागलं. सासूबाई दारात पिठाचा डबा घेऊन उभ्या राहिल्या. "एवढं मोठं पावर हाउस सांभाळलं म्हणता, अन् दोन लिटरचा कुकर नाई सांभाळला?" एवढंच बोलल्या. मी स्टुलावर चढून छत पुसत होतो तेव्हा त्या लॅपटॉपसमोर बसून पाहत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ह्या खाणीतल्या माणसाले काऊन मारून राह्यले? तो पाणी मागून राह्यला ना."

मी स्टुलावरून उतरून पाहिलं. खरंच, तो ओंजळ पुढे करून उभा होता. मी अशा अकरा जणांना मारून पुढे गेलो होतो. त्याला पाणी दिलं, तर त्यानं आतला दरवाजा उघडून दिला. त्या दिवसापासून आम्ही आधी विचारतो, मग गरज पडली तर मारतो. विचारायचं काम सासूबाईंकडे आहे.

एकूण तपासणीचा निष्कर्ष असा की खेळ खेळण्यासारखा नाही. बांधणी कच्ची, सुरक्षितता शून्य, आणि तुमच्या वयाच्या संसारी माणसाचा वेळ खाणारा. तेव्हा लॅपटॉप परत मागू नये. तो इथं सुरक्षित आहे. हर्षाशी दोन शब्द गोड बोला.

आपला,
सोमाजी

ता. क. तिसऱ्या पंपहाउसच्या दारात जो लोखंडी राखणदार आहे, त्याच्या बाजूनं कसं निघायचं? अकरा दिवस झाले. खुशालभाऊंचं ब्लडप्रेशर वाढलं आहे.

ता. क. दुसरा. वरच्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. जुने खेळ साठवलेले असतात ती यादी आज उघडली. तुमचाही खेळ त्याच दारात अडलेला आहे. यादी खाली सरकवली तर आणखी एक नाव निघालं: हर्षा. ती तुमच्यापेक्षा बावीस पायऱ्या वर आहे. तारखा तुम्ही दौऱ्यावर जाता त्या दिवसांच्या आहेत, शेवटची तारीख ट्रेनिंगच्या सहाव्या दिवसाची. राखणदाराचं शिरस्त्राण तिच्या डोक्यावर आहे. तेव्हा हे पत्र मिळेल त्या रात्री जेवायला बसाल तेव्हा तिलाच विचारा. माझं नाव सांगू नका. आधी रागावेल, मग सांगत बसेल; ताट वाळलं तरी उठू नका, आणि कोणती कळ दाबायची ते नीट लिहून घ्या.