स्वतःची पाच रीडिंग्ज

३ मार्च
मागची नोंद सप्टेंबरची. सहा महिने गप्प राहिल्याबद्दल क्षमस्व. क्षमा कोणाकडे मागतोय ते सांगता येत नाही, पण मागितलेली बरी.

कारण मोठं आहे. आमच्या वजनकाटे तपासायच्या लॅबमध्ये जनरल शिफ्टची एक जागा निघाली आहे. नऊ ते पाच. गेली तीन वर्षं मी दुपारी दोन ते रात्री दहा. मुलगी शाळेतून येते तेव्हा मी निघून गेलेला असतो, मी येतो तेव्हा ती झोपलेली. रविवारी भेटतो, ओळखीच्या पाहुण्यांसारखे. ती नववीत गेली. ही जागा मिळालीच पाहिजे.

अर्जासोबत एक फॉर्म आहे. चिकाटी, नियमितपणा, नम्रता, संयम अशा गुणांसाठी स्वतःला दहापैकी मार्क स्वतःच द्यायचे, शेवटी एक एकंदर आकडा. मुदत १२ तारीख.

४ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या जाड्याने चहा पिता पिता फॉर्म भरून टाकला. सगळीकडे दहा. मी म्हटलं, अरे, नियमितपणाला दहा? परवा तासभर उशिरा आलास. म्हणाला, आपले मार्क आपणच कापले तर साहेबांना काम काय उरणार?

कीव आली. साहेबांचा जन्म काटे तपासण्यात गेला. फुगवलेला आकडा त्यांना लांबून कळतो.

माझी पद्धत ठरली. काट्याच्या एका रीडिंगवर आम्ही विश्वास ठेवत नाही. पाच घेतो, सरासरी काढतो. तसंच स्वतःचं करायचं. शिवाय पाच दिवसांत सुधारायचंही, म्हणजे आकडा वर जाईल आणि खराही असेल.

५ मार्च
पहिलं रीडिंग. व्यायाम वीस मिनिटं. कोणावर चिडलो नाही. चिकाटी ८. नम्रता ९, पण नऊ लिहिणं नम्रपणाचं वाटेना. ७ केले.

६ मार्च
कंबर धरली. व्यायाम नाही. हे आळसात धरायचं की दुखापतीत? बराच वेळ ठरवत बसलो, त्यात कामाला उशीर झाला. नियमितपणा ३.

८ मार्च
कालचं रीडिंग राहिलं. चिकाटी ३. कंटाळा आलाय. बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, भरायचा तर भरा, नाहीतर फाडा, पण नापास झाल्यासारखं तोंड करून घरभर फिरू नका. संयम २. मात्र ओरडल्याची लगेच नोंद केली, हे प्रामाणिकपणात धरावं.

९ मार्च, रविवार
बाहेरचंही एक रीडिंग असावं म्हणून मुलीला विचारलं, मला दहापैकी किती देशील? म्हणाली, कशात, बाबा? मी म्हटलं, एकंदर. म्हणाली, माझ्याकडे तेवढा डेटा नाहीये.

हुशार आहे. शास्त्रीय दृष्टी माझ्याकडूनच आली असणार.

११ मार्च
सरासरी चार पूर्णांक सहा दशांश. पूर्ण आकडा हवा म्हणतात. नियमाने पाच होतात. पण पहिल्या दिवशी मी स्वतःला थोडं झुकतं माप दिलं होतं अशी शंका आहे. ४ लिहिले. कारणांची दोन पानं जोडली. फॉर्म दिला. खूप दिवसांनी हलकं वाटलं.

१९ मार्च
साहेबांनी बोलावलं. माझी दोन पानं समोर होती. खुणा करून वाचलेली. म्हणाले, तुमच्याइतका काटेकोर माणूस अख्ख्या लॅबमध्ये नाही. मी मान खाली घातली. म्हणाले, म्हणून तर तुमच्या आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. तुम्ही चार म्हणता म्हणजे चारच असणार.

जागा जाड्याला.

२० मार्च, सकाळी दहा
बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, गेली तर जाऊ दे. पण पोरगी सकाळी शाळेला जाईपर्यंत घरातच असते की हो. तुम्ही नऊपर्यंत झोपलेले. तिला भेटायला जनरल शिफ्ट कशाला लागते?

तीन वर्षांत हे सुचलं कसं नाही, यावर लिहायला बसलो. सहा ओळी लिहिल्या. खोडल्या.

उद्यासाठी: शाळेची बस किती वाजता येते ते बायकोला विचारणे.