पेपर संपेपर्यंत

फलटण
९ नोव्हेंबर

ती. वासंतीताई यांना कुसुमचा सा. न. वि. वि.

हातात फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते आहे, असं तुम्हाला वाटेल. दिवाळीत तनया आली होती तेव्हा माझ्या फोनमधली जागा संपली होती. फोटो काढून घेण्यासाठी तिने माझं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या लॅपटॉपला जोडलं. तेव्हापासून मला आलेला प्रत्येक निरोप तिलाही दिसतो. ते बंद कसं करायचं हे मला येत नाही, आणि विचारायचं तर तिलाच विचारावं लागणार. तोंडी सांगावं तर दुसऱ्याच वाक्याला मी रडायला लागते. म्हणून काल पोस्टातून पाकीट आणलं.

अभ्यंगस्नानाच्या दिवशी अंग चोळताना डाव्या बाजूला छातीत गाठ हाताला लागली. सणात विषय नको म्हणून भाऊबीज होईपर्यंत गप्प राहिले. मग यांना सांगितलं. साताऱ्याला तुकडा काढून तपासला, आणि ज्याची भीती होती तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन पुण्याला करा आणि उशीर करू नका. तुमचा भाऊ त्या दिवसापासून घरात असून नसल्यासारखा आहे. रात्री कारखान्यातून आला की ताटावर बसतो आणि भात चिवडत राहतो.

तनयाची फार्मसीच्या पाचव्या सेमिस्टरची परीक्षा २४ तारखेला सुरू होते, ५ डिसेंबरला शेवटचा पेपर. हे तिला आत्ता कळलं तर पोरगी पुस्तक उघडायची नाही. ऑपरेशन ५ तारखेनंतर घेता येईल का, एवढं तुमच्या ओळखीच्या सर्जनना विचाराल का? आणि पेपर संपेपर्यंत तिच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही, एवढा शब्द मला द्या. आधीच दिवाळीत आमचं वाजलं आहे. परीक्षा झाली की घरी ये म्हटलं, तर तिला मैत्रिणींबरोबर पुण्यातच राहून कंपनीत ट्रेनिंग करायचं आहे. जाताना धड बोलली नाही.

घाबरू नका. मीही नाही घाबरले, निदान दिवसा तरी नाही. आपली माया आहेच, ती आता थोडी जास्त लागेल.

आपली,
कुसुम


पुणे
१३ नोव्हेंबर

चि. सौ. कुसुम हिस अ. उ. आ.

पत्र काल दुपारी मिळालं. दोनदा वाचलं, मग चहा केला आणि तो प्यायचा राहिला. आज सकाळी सर्जनकडे जाऊन आले. तुझ्या कागदांचे फोटो वैजनाथने काल रात्री माझ्याकडे पाठवले, ते त्यांना दाखवले. परीक्षेचं सांगितल्यावर ते म्हणाले की गाठीला विद्यापीठाचं वेळापत्रक कळत नाही. माणूस पुण्याचा आहे, पण हात चांगला आहे. आधीच्या तपासण्या धरून २ डिसेंबर, सकाळी आठ, असं त्यांनी लिहून घेतलं आहे. पुढे ढकलायचं नाही. हे मी थोरली म्हणून सांगते आहे.

त्याच दिवशी तनयाचा फार्मॅकॉलॉजीचा पेपर आहे हे मला माहीत आहे.

आता दुसरं. निवृत्त झाले तरी सेमिस्टरच्या शेवटी मी आमच्या कॉलेजच्या मदतकक्षात बसते हे तुला ठाऊक आहे. मुलं येतात, त्यांच्या आया येतात, कधी बापही येतात आणि दारातच उभे राहतात. दोन वर्षांपूर्वी मांजरी गावचा इंद्रजीत म्हणून एक मुलगा होता. परीक्षेच्या मधेच त्याचे आजोबा गेले. घरच्यांनी ठरवलं, पेपर होऊ देत. तो शेवटचा पेपर देऊन पेढे घेऊन घरी गेला, तर भिंतीवर फोटोला हार. कुणी तोंड उघडायच्या आधी त्याने तो बघितला. मार्क चांगले पडले. पण पुढे सहा महिन्यांनी त्याची आई तुळजाबाई माझ्यासमोर बसून सांगत होती, की फोनवर आम्ही सगळं ठीक हाय म्हटलं तरी त्याला खरं वाटत नाही, शेजारच्या दुकानदाराला फोन करून तो खात्री करून घेतो.

मला तुझं पटलेलं नाही. पण आई तू आहेस. शब्द देते, कुरकुरत देते.

वैजनाथला म्हणावं भात चिवडू नकोस, खा. तुम्ही दोघं ३० तारखेला इकडेच उतरा. सगळ्यांना प्रेम, आणि तुला त्यातलं मोठं माप.

वासंती


फलटण
१८ नोव्हेंबर

ती. वासंतीताईंना सा. न. वि. वि.

तारीख मान्य आहे. एका परीने बरंच झालं, त्या वेळी ती वर्गात बसलेली असेल, फोन बंद असेल. तनयाला कळवा, की आत्याच्या घरी रंगकाम काढलं आहे, परीक्षा होईपर्यंत इकडे फिरकू नकोस, डबा मीच होस्टेलवर आणून देईन. रंगाचा वास तिला सोसत नाही, त्यामुळे यायची नाही. मी हॉस्पिटलमधून रोज संध्याकाळी फलटणला असल्यासारखा फोन करीन. शेजारच्या खाटेवरची बाई खोकली तर काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

डब्यात तिला मेथीची पातळ भाजी द्या. आणि आमटीत मीठ घातलंय की नाही ते एकदा चाखून बघत चला. तुमची आमटी खाऊन तुमच्या भावाची तक्रार करायची सवय मोडली हे खरं, पण पोरीची परीक्षा आहे.

इंद्रजीतची गोष्ट वाचून यांना दाखवली. हे म्हणाले की तो मुलगा आहे, सोसेल. आपली तनया हळवी आहे.

भेटीत बाकीचं. जीव लावता तसाच लावत राहा.

कुसुम


पुणे
११ डिसेंबर

चि. वैजनाथ यास अ. उ. आ.

माझा फोन तू उचलत नाहीस. पोस्टमनला तरी दार उघडशील.

आधी महत्त्वाचं. कुसुमचा तपासणीचा रिपोर्ट आज आला. गाठ काखेत पसरलेली नाही. आता गोळ्या आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. टाके कोरडे आहेत. सकाळी तिने माझ्या आमटीला नावं ठेवली, त्यावरून प्रकृतीचा अंदाज कर. हे तुला तनयाने फोनवर सांगितलंच असेल, पण माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहिलं.

आता १ तारखेची संध्याकाळ. तू त्या वेळी कुसुमजवळ होतास, म्हणून तुला हे माहीत नाही. मी डबा घेऊन होस्टेलच्या फाटकाशी गेले. तनया खाली आली, डबा घेतला आणि तिथल्या कट्ट्यावर बसली. म्हणाली, की आई आठवडाभर फोन दोन मिनिटांत आटोपते, काय जेवलीस तेही विचारत नाही. दिवाळीतलं भांडण आईने मनात धरलं आहे. आपण ट्रेनिंगचा हट्ट केला म्हणून आई तुटली. आता पेपर संपेपर्यंत आपण फोनच करणार नाही, उगाच तिला त्रास. हे सगळं तिने अगदी शांतपणे सांगितलं, जणू हिशेब तपासून उत्तर बरोबर आलं आहे.

वैजनाथ, दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमला आत नेणार होते. ती भूल घेऊन झोपणार आणि हिचा फोन नाही. हिची समजूत अशी की आई रागावली आहे. त्या कट्ट्यावर मला शब्द पाळता आला नाही. सगळं सांगितलं.

ती रडली नाही. कुठली बाजू, कुठलं हॉस्पिटल, किती वाजता, एवढं विचारलं. मग मला बसायला सांगून वर गेली आणि पिशवी घेऊन खाली आली. त्यात पुस्तक नव्हतं. मी तिला समजावलं, की पेपर नऊला आहे, तो देऊन दुपारी ये, हॉस्पिटलात तुझं काही काम नाही. त्यावर ती म्हणाली, की तिथे माझं काम नाही हे मला कळतं, पण पेपरात तरी माझं काय काम आहे. रिक्षात मी तिच्या कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या बाईंना फोन लावला. हा पेपर पुढच्या परीक्षेत देता येईल, वर्ष जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मगच मी तिला समजावणं सोडलं.

पुढचं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. कुसुमने तोंड भिंतीकडे फिरवलं. माझ्याकडे तर तिने बघितलंही नाही. सकाळी नर्सने दोन वेण्या घालायला सांगितलं, तेव्हा तिने कंगवा तनयाच्या हातात दिला. मी तेव्हा बाहेर आले.

आणि तू मला व्हरांड्यात म्हणालास, की तुला मूल असतं तर तुला कळलं असतं. त्याला उत्तर देण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. एवढंच सांगते, की ते वाक्य मी कुसुमला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. कारखान्यात उसाचा हंगाम चालू आहे, रजा नाही, सगळं समजतं. पण रविवारी निघताना तू मला न सांगता जिना उतरलास, तेवढं मला लागलं.

जेवत जा. माझा राग असला तरी आशीर्वादाला त्याची अडचण नसते.

ताई


पुणे
१४ डिसेंबर

ती. बाबांना शि. सा. न.

आत्या म्हणाली, फोनवर तू नि बाबा दोघंही फक्त ‘हं’ म्हणता, त्यापेक्षा लिही. पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ आहे, फॉरमॅट चुकला तर सॉरी.

५ तारखेचा पेपर चांगला गेला. फार्मॅकॉलॉजीचा बॅक राहणार, तो मे महिन्यात देईन. मला त्याचं वाईट वाटतं, कारण तोच माझा सगळ्यात पक्का विषय होता. पण पश्चात्ताप होत नाही. हे दोन्ही एकदम असू शकतं का? माझं तरी तसं आहे.

बाबा, आत्यावर रागावू नका. मला राग आला तो तुमच्या दोघांचा आला होता. मी हळवी आहे म्हणून सांगितलं नाही असं आई म्हणाली. मी हळवी आहेच. पण तो आठवडा मी आईला दुखावलं असं समजून रोज रात्री अभ्यास करत होते, ते जास्त जड गेलं. आजार कळला तेव्हा निदान काय करायचं ते तरी कळलं.

आता मी आईच्या गोळ्यांची नावं तिला पाठ करायला लावते. कुठली कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, सगळं. ती म्हणते, तू मे महिन्यात नापास झालीस तर मी देईन पेपर. काल तिने खरं तर तुमची आठवण काढली, पण मी तसं लिहिलेलं तिला आवडणार नाही.

ट्रेनिंग जानेवारीत आहे. आईच म्हणाली कर. मी आत्याकडे राहीन. आई फलटणला आली की तिला रोज फोन करीन आणि तिने काय खाल्लं ते विचारीन.

तुम्ही माझे आहात, मीही तुमचीच,
तनया


फलटण
१८ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चार दिवस शर्टाच्या खिशात होतं. काल तनयाचंही आलं. आज कारखान्याला सुट्टी आहे, म्हणून बसलो.

तू व्हरांड्यातून खाली औषधं आणायला गेलीस, तेव्हाची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. ऑपरेशन चालू असताना डॉक्टर बाहेर आले. नुसती गाठ काढून भागणार नाही, पूर्ण बाजू काढावी लागेल, संमती द्या, असं म्हणाले. त्यांचं तोंड हलताना मला दिसत होतं, पण शब्द लागत नव्हते. हातात कागद दिला, तर ओळी एकमेकींत शिरलेल्या. मी उभाच. तेव्हा तनयाने माझं कोपर धरून मला बाकावर बसवलं. तिने डॉक्टरांना तीन-चार गोष्टी विचारल्या, त्यांनी उत्तरं दिली. मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं, की बाबा, यात आईचा जीव जास्त सुरक्षित आहे, तिला विचारलं असतं तर तीही हो म्हणाली असती. मग मी सही केली. त्यानंतर दार उघडेपर्यंत माझा हात तिच्या हातात होता. तिने माझा धरला होता की मी तिचा, ते आता सांगता येत नाही.

इथे आल्यावर मी रोज रात्री हाच विचार करतो, की तू कुसुमला दिलेला शब्द पाळला असतास तर ती नऊला पेपराला बसली असती आणि तो कागद माझ्या एकट्याच्या हातात आला असता. सगळे म्हणतात पोरीला आधार द्यायचा होता. कोण हळवं आहे ते त्या बाकावर कळलं.

तुला जे बोललो, ते माघारी घेतो असं लिहून ते माघारी येत नाही हे मला माहीत आहे. तरी लिहितो. ताई, तू मला शाळेत हात धरून नेलं आहेस, मला ते बोलायचा हक्क नव्हता. येत्या रविवारी कुसुमला न्यायला येतो. जिना चढून आधी तुझ्याकडे येईन, मग आत तिच्याकडे जाईन.

इथे लोक विचारतात, मुलीची परीक्षा कशी झाली. मी सांगतो, एक पेपर राहिला, त्या दिवशी मला तिची गरज होती. मला बरं वाटतं.

आणखी एक. परवा कारखान्याच्या दवाखान्यात माझा रक्तदाब तपासला. जास्त निघाला. गोळी सुरू केली आहे, काळजी करण्यासारखं नाही असं डॉक्टर म्हणतात. तनयाचा उद्या कुठलासा इंटरव्ह्यू आहे हे मला माहीत होतं. तरी काल रात्री आधी तिलाच फोन करून सांगितलं. तिने गोळीचं नाव विचारलं, मीठ कमी करा म्हणाली आणि झोपायला गेली. तुला दुसऱ्या क्रमांकावर कळवतो आहे, राग मानू नकोस.

मीठ कमीच खायचं आहे, तेव्हा रविवारी आमटी तूच कर.

तुझा,
वैजनाथ