बाहेरची कडी

२ फेब्रुवारी, सोमवार

आंबेवेळचा मसुदा प्रकरण सातपर्यंत आला. तिथल्या नगरपरिषदेला बाजारपेठेतल्या व्यापारी इमारतींसाठी स्वतःची मानकं हवी आहेत. पाटी किती मोठी, जोतं किती उंच, पायरी रस्त्यावर येऊ द्यायची की नाही, उतार कुठे. काम आमच्या गिरगावच्या ऑफिसला मिळालं याचा मला आनंद, आणि ते वेळेत संपेल का याची संजयला काळजी. भागीदारीत कामं अशी वाटून घेतलेली बरी.

डबा खाऊन टेप घेऊन खाली उतरले. गल्लीतल्या सात दुकानांच्या पायऱ्या मोजल्या, एकीची उंची दुसरीशी जुळत नाही. बाइंडिंगवाल्या जोशीकाकांनी विचारलं, तोडायला आलात का. म्हटलं, नाही, मोजायला. त्यांचा विश्वास बसला नाही.

कलम ७.४ स्वच्छतागृहं. ‘प्रत्येक मजल्यावर स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र.’ तीन मिनिटांत लिहून पार्किंगकडे वळले. पार्किंगने तीन तास खाल्ले.

५ फेब्रुवारी, गुरुवार. आंबेवेळ

पाहणी. मुख्याधिकारी (मु.अ.) तरुण आहेत, ऐकून घेतात. बरोबर दोन माणसं दिली होती, त्यांना अकरा वाजताच भूक लागली.

दुपारी एकटीच ‘माझ्या’ इमारतीत गेले. बाजारपेठेतलं दुमजली संकुल, अकरा वर्षांपूर्वीचं, माझं पहिलं स्वतंत्र काम. जिन्यात अजून छान उजेड येतो. खोटं कशाला, छाती फुगली.

मग जिन्याच्या मधल्या टप्प्यावरच्या स्वच्छतागृहाकडे गेले, कारण मला जायचंच होतं. दोन्ही दारांना कुलूप. शेजारच्या चपलांच्या दुकानातला म्हणाला, किल्ली शिरसाट शेठकडे. शिरसाट म्हणजे संकुलाचे मालक, तळमजल्यावरचं साड्यांचं दुकान त्यांचंच, शिवाय शहराच्या व्यापारी संघाचे अध्यक्ष. गल्ल्यावर चार गिऱ्हाइकं, त्यांतले दोन पुरुष. त्यांच्यासमोर मागितली. किल्ली लाकडी पट्टीला बांधलेली, हातभर लांब, लपवायची सोय नाही. शेठ हसून म्हणाले, “मॅडम, लवकर आणा हं परत, दोन्ही दारांना एकच आहे.” गिऱ्हाइकंही हसली. माझे कान तापले. शेहेचाळीस वर्षांची बाई मी.

आत गेले तर बायकांच्या बाजूला तीन पुतळे उभे, साडी नेसवायचे, एकाला हात नाही. त्यांच्या देखत उरकलं.

किल्ली परत करताना काउंटरवरच्या मुलीला, स्वातीला, हळूच विचारलं, तुम्ही दिवसभर काय करता? ती साडीची घडी घालत म्हणाली, “घरी गेल्यावर जातो, मॅडम. पाणीच नाही पीत ना.”

दुकान सकाळी साडेनऊला उघडतं, रात्री आठला बंद होतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आल्या आल्या जुन्या नकाशांची गुंडाळी काढली. शिरसाटांनी कडी नंतर ठोकली असेल अशी आशा होती.

दारांचा तक्ता, दार क्र. ३, स्वच्छतागृहाचं. माझ्याच अक्षरात: ‘बाहेरून कडी-कोयंडा, कुलुपासह.’

म्हणजे त्यांनी काही केलं नाही. मी सांगितलं तेच केलं.

ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग कळलं, हे कुठून आलं. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत मजल्याच्या टोकाला संडास, चार बिऱ्हाडांत एक, आणि बाहेरून कुलूप. किल्ली आमच्या चौकटीला खिळ्यावर. रस्त्यावरचा कुणी ऐरागैरा घुसू नये, आपलं स्वच्छ राहावं, म्हणून. नवं कुलूप आलं की आम्ही मुलं मिरवायचो. संडासाला बाहेरून कुलूप नसतं असं मला माहीतच नव्हतं, तर काढणार काय? फरक एवढाच की चाळीत किल्ली आमच्या दारात होती. आंबेवेळला ती शेठच्या गल्ल्यावर गेली. हे मला पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून सुचलं नाही.

संजयला सांगितलं. तो म्हणाला, अगं, अकरा वर्षं झाली, सोड. सोडायला त्याचं काय जातं.

८ फेब्रुवारी, रविवार

आई बांगडे साफ करत होती तेव्हा तिला आंबेवेळची गोष्ट सांगितली, पुतळ्यांसकट. वाटलं हसेल. ती मान वर न करता म्हणाली, “मगे नवीन काय सांगतंस? आमच्या दुकानात तसाच होता.”

सव्वीस वर्षं ती दादरच्या साड्यांच्या दुकानात होती. सव्वीस वर्षं मी तिला निघताना पाहिलं, आल्यावर पाहिलं.

“सकाळी अर्धो कप चाय. मगे घरी येयसर पाण्याचो थेंब नाय. किल्ली मागूक लागणा नाय.”

मी कॉलेजात असताना तिला मुतखड्याने दोनदा अ‍ॅडमिट केलं होतं. डॉक्टर विचारायचे, पाणी कमी पिता का. ती म्हणायची, लक्षातच राहत नाही हो. आणि मी तिला ओरडायचे, आई, जरा पाणी पीत जा ना, साधी गोष्ट आहे. मी ओरडायचे.

बांगडे छान झाले होते. मी ताट पुढे सरकवलं. आईने दोन घेतले आणि माझाही एक.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुसऱ्याच एका कामासाठी भोईवाड्यात, कोर्टाजवळ. जुनी तीन मजली इमारत, वकील, टायपिंगवाल्या, झेरॉक्स. जिन्यात स्वच्छतागृह दिसलं म्हणून सवयीने डोकावले. उघडं. आणि स्वच्छ. नळाला पाणी, रस्त्याकडे खिडकी, भिंतीवर साफसफाईचा तक्ता, त्यात सह्या.

वॉचमनला विचारलं, कुलूप का नाही लावत? तो माझ्याकडे बघतच राहिला. “लावणार कुठे, बाई? बाहेरून कडीच नाहीये.”

दाराभोवती हात फिरवून पाहिलं. खरंच नाही. कुणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी विचार करून ती दिली नव्हती, किंवा विसरला होता. विसरला असला तरी देव त्याचं भलं करो. बसस्टॉपवर उभ्या उभ्याच कलम लिहिलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

७.४ (नवं): ‘ग्राहक व कर्मचारी यांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला बाहेरून कडी, कोयंडा वा कुलूप बसवण्याची कोणतीही सोय नसावी. कडी फक्त आतून. दार कोणत्याही दुकानाच्या गल्ल्यासमोर उघडू नये. आत नळ व बाहेरच्या भिंतीला खिडकी अनिवार्य. सध्याच्या इमारतींनी सहा महिन्यांत बदल करावा.’

संजय शेवटच्या ओळीवर अडला. नव्या इमारतींपुरतं ठेव, जुन्यांना हात लावलास तर सगळे व्यापारी अंगावर येतील, म्हणाला. ते खरंच आहे. पण स्वाती नव्या इमारतीत काम करत नाही.

“एका कडीसाठी तू अख्खी मानकं अडकवणार आहेस,” तो म्हणाला.

म्हटलं, हो.

संध्याकाळी माझ्या टेबलावर चहा ठेवून गेला. मसुद्यावर त्याची सही होती.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मसुदा जाहीर झालाय. हरकती-सूचनांची मुदत परवा संपते. मु.अ.चा फोन: पाट्यांबद्दल दोन हरकती, पार्किंगबद्दल एक, ७.४ बद्दल एकतीस. एकतिसांचा मजकूर एकच, सह्या वेगळ्या. बाहेरचे लोक येऊन घाण करतील, साफ कोण करणार, रात्री गैरप्रकार होतील.

बाजूने किती? एकही नाही.

त्या दिवशी नंबर घेतला होता, स्वातीला फोन केला. बाजारपेठेत दुकानांत काम करणाऱ्या पन्नासेक तरी मुली असतील, दहा जणींनी सही केली तरी चालेल. ती फोन घेऊन दुकानाबाहेर आली. मग म्हणाली, सही केली तर दुसऱ्या दिवशी दुकानात कोण ठेवेल, मॅडम? मला राग आला. तिचा नाही, माझा. मुंबईत बसून दुसरीच्या पोटावर सह्या गोळा करायला निघाले होते.

साफसफाईचा मुद्दा मात्र रास्त आहे. भोईवाड्याचा तक्ता परिशिष्टात घातला. रात्रीचं उत्तर सोपं: मुख्य शटर बंद होतंच, मग आतल्या दाराला वेगळं कुलूप कशाला?

८ मार्च, रविवार

महिला दिन. स्वातीने फोटो पाठवला. शेठनी दुकानातल्या सगळ्या मुलींना गुलाब दिला आणि भेट म्हणून एकेक पाण्याची बाटली, स्टीलची, चांगली लिटरभराची. खाली स्वातीने फक्त हात जोडल्याची इमोजी टाकलीय.

मी आईला फोटो दाखवला. आईला हसू आवरेना. इतकी हसली की पदराने डोळे पुसले. मग उठली, लोखंडी कपाट उघडलं, साड्यांच्या खालून एक पिशवी काढली. पिशवीत जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

लाकडाची पट्टी. टोकाला सुतळीने बांधलेली किल्ली.

“शेवटच्या दिवशी पर्शीत घालून घेऊन इलंय. शोधूंदेत म्हटलंय.”

निवृत्तीला तिला दुकानाने साडी आणि नारळ दिला होता, तो फोटो भिंतीवर आहे. त्यात तिच्या खांद्याला पर्स आहे. इतकी वर्षं तो फोटो बघतेय.

म्हटलं, आई, ही मला दे, गुरुवारी सुनावणी आहे. तिने पट्टी दोनदा पुसली. “परत हाड हां. ती माझी आसा.” आणीन म्हटलं.

१२ मार्च, गुरुवार. आंबेवेळ

बोट सोललंय, अक्षर वाईट येईल.

सभागृह भरलेलं. व्यापारी संघाचे लोक पुढे, नगरसेवक, तीन नगरसेविका. मागच्या भिंतीला टेकून पाच-सहा मुली उभ्या, त्यांत स्वाती. जेवणाच्या सुट्टीत आल्या होत्या. बोलणार नाहीत हे माहीत होतं. तरी आल्या.

मी तक्ता, नळ, खिडकी, शटर सगळं सांगितलं. शिरसाट शेठ शांतपणे उठले. माणूस वाईट नाही, आवाजही चढवत नाही. म्हणाले, “किल्ली मागितली की आम्ही देतो. आजवर कुणाला नाही म्हटलंय? विचारा की मागे उभ्या आहेत त्यांना.” आणि ते खरंच आहे. नाही कुणीच म्हटलं नसणार.

पट्टी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. माझ्या आईच्या दुकानातली आहे, सांगितलं. मग म्हटलं, शेठ, आत्ता ही किल्ली माझ्याकडे आहे. तुम्ही माझ्याकडे मागा. सगळ्यांना ऐकू जाईल असं. कशाला हवी तेही सांगा.

ते हसले. सभागृह हसलं. मी थांबले. हसणं संपल्यावरही थांबले. शेठनी पट्टीकडे पाहिलं, मग मागे भिंतीकडे.

“मॅडम, हे काही बरोबर नाही,” एवढंच म्हणाले.

“नाहीच,” मी म्हटलं.

एक नगरसेविका, वयस्कर, आतापर्यंत पेंगत होत्या असं वाटलं होतं, त्या म्हणाल्या, मी या बाजारात वीस वर्षं भाजी विकली, मला विचारा. पण त्यांना कुणी विचारलं नाही, कारण तेवढ्यात मु.अ.नी पुढचा मुद्दा घेतला. शेवटी: बाकी मानकं शिफारशीसह पुढे, ७.४ राखून ठेवलं, निर्णय पुढच्या सर्वसाधारण सभेत. मतांचा अंदाज विचारला तर मु.अ.नी हात हलवला. अर्धे-अर्धे.

पाच वाजता संकुलात गेले. शेठ गल्ल्यावर होते. म्हटलं, इमारतीचा नकाशा माझा आहे, दार क्रमांक तीनचा तपशील माझा चुकला होता, दुरुस्त करायला आलेय. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. किल्ली मात्र मी न मागता पुढे सरकवली.

कुलपं काढली. पर्समधला पेचकस. एका दाराला चार स्क्रू, दुसऱ्याला चार, शेवटचा गंजलेला, त्याने बोट सोलवटलं. पुतळे चपलांच्या दुकानदाराने आणि मी उचलून जिन्याखाली ठेवले. दारांवर आठ भोकं राहिली. कड्या, कोयंडे, कुलपं शेठच्या काउंटरवर नेऊन ठेवली. ते हिशेबाची वही बघत होते, निदान तसं दाखवत होते.

निघताना जिन्यात कुणीतरी वर जाताना दिसलं. वळून पाहिलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

संजय म्हणतो, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय तू कड्या काढल्यास, आता नोटीस आली तर? आली तर उत्तर देईन. उत्तराचा मसुदा तयारही आहे, दोन पानी. सुधारित तक्ता, दार क्र. ३, त्यालाच जोडलाय. जुन्या ओळीवर एक रेघ मारली, वर तारीख, खाली सही.

सर्वसाधारण सभेची तारीख अजून नाही. त्या वयस्कर नगरसेविकाबाईंना काल फोन केला. भाजीचा विषय काढला आणि पाऊण तास ऐकत बसले. सभेत सगळ्यांत आधी त्या बोलणार आहेत, हे ठरलं.

किल्ली आईला परत दिली. तिने कापडात गुंडाळून पुन्हा साड्यांखाली ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, तुका पाणी व्हया काय? मी हो म्हटलं. दोघी उभ्यानेच प्यायलो.

आत्ता स्वातीचा मेसेज आला:

‘मॅडम शेठनी नवीन कडी आणून काउंटरवर ठेवलीय. चार दिवस झाले. अजून लावली नाही. तोवर आम्ही पाणी पितोय.’

पेचकस पर्समध्येच आहे.