स्क्रूवरचा लाल ठिपका

१२ नोव्हेंबर
कॉम्प्युटर १००. हेडफोनच्या ॲम्पचा नॉब साडेदहावर. कॉम्प्युटरवर डावा आवाज ८०, उजवा १००.
तरी आवाज डावीकडेच. एकट्या माणसाचं वाचन डोक्याच्या मधोमध यायला हवं, कपाळामागे. बाई मधमाश्यांचं पुस्तक वाचतायत ते डाव्या कानाशी तोंड आणून सांगितल्यासारखं येतंय. नॉब मी घड्याळाच्या काट्यासारखा मोजतो. जूनमध्ये नऊवर भागायचं. ॲम्प उतरत चाललाय. रोजचे आकडे वहीत आहेत, म्हणजे विनय मनाचं सांगतो असं कोणी म्हणायला नको.
रोहनला हेडफोन ऐकायला दिला. (ऑडिओबुकच्या या स्टुडिओत तो रेकॉर्ड करतो, मी पुस्तक समोर धरून चुका काढतो.) म्हणे, "झकास आहे की. सारखं काय डावा-उजवा, डावा-उजवा? इलेक्शनला उभा राहतोयस का यार?"
दहा सेकंदही नीट ऐकलं नाही त्याने.

१५ नोव्हेंबर
मॅडमना सांगितलं, स्टुडिओ त्यांचा. त्यांनी लगेच परबकाकांना बोलावलं. मला थोडं वाईट वाटलं. तो ॲम्प काकांनी हाताने बनवलेला आहे, साधा ॲल्युमिनियमचा डबा. स्टुडिओ उघडला त्या दिवसापासून टेबलावर आहे.
आणि मला इथे काकांनीच लावलं. आमच्या बोरीवलीच्या बिल्डिंगखाली, पुढच्या गेटाशी त्यांचं दुरुस्तीचं दुकान. बारावी दोनदा राहिली, मी कुरियरच्या काउंटरवर बसायचो. एकदा धीर करून त्यांना सांगितलं की पाटीवर 'दुरूस्ती' चुकीचं आहे, रु ऱ्हस्व हवा. दुसऱ्या दिवशी पाटी बदलली आणि मॅडमकडे माझं नाव घातलं. "पोरगो शिकलो कमी, पण उकार-वेलांटी चुकूची नाय."
पण काम म्हणजे काम. बिघाड तो बिघाड.

१८ नोव्हेंबर
काकांनी ॲम्प तपासायला दुकानात नेला होता, आज परत आणला. "दोनय बाजू सारख्यो आसत. केसाचो फरक नाय."
मी म्हटलं, काका, मला रोज ऐकू येतंय ना.
त्यांनी ॲम्प टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हेडफोन उलटो घालून बघितलंस?"
रोहन फस्सकन हसला. "विन्या, खुर्चीवर पण उलटा बसून बघ!" मॅडमही हसल्या. काका नाही हसले. पण बोलले तर तेच ना.
कान तापले. उलटा घातला नाही. घालणारही नाही.

२१ नोव्हेंबर
डावा ७५, उजवा १००. नॉब अकरा.
मॅडम एका लेखकाला फोनवर सांगत होत्या, "आमच्याकडे विनय म्हणून मुलगा आहे. त्याचे कान म्हणजे आमचं मीटर. त्याने पास केलं की पुन्हा बघायचं नाही." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. दिवसभर बरं वाटत होतं.

२५ नोव्हेंबर
ॲम्प परत काकांकडे. देण्याआधी एक गोष्ट केली. मागच्या स्क्रूवर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, अर्धा स्क्रूवर, अर्धा डब्यावर. उघडला तर ठिपका तुटणार.
कोणाला सांगितलं नाही. लिहितानाही जरा कसंतरी होतंय. पण पुरावा हवा.

२८ नोव्हेंबर
ठिपका जसाच्या तसा. म्हणजे उघडलाच नाही.
काका म्हणाले, "तपासलंय मी. कायएक झालेला नाय." मी डबा उलटा करून सगळ्यांसमोर दाखवला. म्हटलं, मॅडम, हा ठिपका मी लावला होता. काकांनी डबा उघडलेलाच नाही. न उघडताच सांगतायत.
बाहेर वाचणाऱ्या बाई जेवत होत्या, त्याही आत डोकावल्या. मॅडमचा चेहरा पडला. "काय हो परब? इतकी वर्षं आमच्याकडे काम करताय..."
मला वाटलं काका चिडतील, मला काहीतरी बोलतील. ते ठिपक्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. "बरा," एवढंच म्हणाले.
मॅडम म्हणाल्या, हा डबा घेऊनच जा, आम्ही नवीन घेतो. वायरी, माइक, सगळं आता दुसऱ्याला देऊ.
काकांनी ॲम्पभोवती त्याची वायर गुंडाळली, हळूहळू, एकेक वेढा. पिशवीत ठेवला. जाताना रोहनला म्हणाले, "येतंय रे." मला नाही.
मी बरोबर होतो. तरी जेवण गेलं नाही.

९ डिसेंबर
नवीन ॲम्प आला. काळा, चकचकीत. मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "बघ, आता?"
कॉम्प्युटर १००, नॉब दहा. डावा १००, उजवा १००.
आवाज मधोमध. एकदम मधोमध.

२० डिसेंबर
बिल्डिंगच्या मागच्या गेटने जातो-येतो. आई म्हणाली, "पुढून रस्ता खणलाय का रे?" म्हटलं, हो.

२ जानेवारी
नॉब साडेअकरा. आवाज डावीकडे.
हा नवीन आहे. महिनाही झाला नाही.
कोणाला बोललो नाही.

७ जानेवारी
लिहायला हात उठत नाही, पण लिहितो.
जेवून आलो, घाईत हेडफोन चढवला, सुरू केलं. आवाज नेहमीसारखा डावीकडे. पंधरा मिनिटांनी वायर हाताला लागली. माझी वायर नेहमी डाव्या खांद्यावरून जाते, आज उजव्या बाजूला होती. हेडफोन उलटा घातला होता.
बिघाड ॲम्पचा असता, हेडफोनचा असता, तर उलटा घातल्यावर आवाज उजव्या कानाकडे जायला हवा होता. गेला नाही. सरळ घातला, डावीकडे. उलटा, डावीकडे. सरळ. उलटा. आठ वेळा केलं. रोहन म्हणाला, "काय रे, टोपी ट्राय करतोयस का?"
संडासात जाऊन दाराला कडी लावून उभा राहिलो. उजव्या कानाशी बोटं चोळली. मग डाव्या कानाशी.
काकांनी हेच सांगितलं होतं. फक्त उलटा घालून बघायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. लोक हसले म्हणून मी केलं नाही.

८ जानेवारी
वही पहिल्यापासून वाचली.
जून: नॉब ९, डावा ९५. ऑगस्ट: साडेनऊ, डावा ९०. गणपतीनंतर: दहा, डावा ८५. पुढे सगळं आहेच. प्रत्येक आकड्यापुढे स्वच्छ अक्षरात 'ॲम्प उतरतोय'. ती ॲम्पची वही नव्हतीच.
९ डिसेंबरला 'एकदम मधोमध' लिहिलंय. तेही खोटं. आवाज तेव्हाही थोडा डावीकडेच होता. मॅडम मागे उभ्या होत्या आणि माझ्यामुळे नवीन ॲम्प घेतला होता, म्हणून तसं लिहिलं. स्वतःच्या वहीत, स्वतःसाठी.

१० जानेवारी
कानाच्या डॉक्टरांकडे. उजव्या पडद्याला जुनं भोक. कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या, उजवी बरीच खाली. "लहानपणी कान वाहायचा का?"
घरी आईला विचारलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, चौथीत होतास, रात्रंदिवस रडायचास. "मीच तेल घालायचे कोमट करून. सगळ्याच घालायच्या रे." मग म्हणाली, "माझ्यामुळे झालं का?"
म्हटलं, नाही गं. ती तरी मळतच राहिली, पीठ कधीच मळून झालं होतं.
डॉक्टरांनी विचारलं होतं, हेडफोनचा आवाज किती ठेवता? मी म्हटलं, साडेअकरा. ते म्हणाले, "मला काय कळणार तुमचे साडेअकरा? हळू ठेवा. कमी ऐकू येतं म्हणून वाढवत गेलात, तर जो चांगला आहे तोही जाईल."

१२ जानेवारी
मॅडमना सांगायचं कसं? सांगितलं तर मला कशाला ठेवतील? कान हेच काम आहे. परत कुरियरचा काउंटर.
नाही सांगितलं तर काका खोटारडेच राहिले.
आज तीनदा केबिनपर्यंत गेलो. तिसऱ्यांदा मॅडमनी वर बघितलं. "काय रे?" म्हटलं, 'पोकळी'मधला ळ नीट आला नव्हता, रिटेक घ्यावा लागेल. खरंच आला नव्हता.

१४ जानेवारी
संक्रांत. आईने वाटी भरून तिळगूळ दिला. "काकांकडे देऊन ये. दर वर्षी जातोस, यंदा काय झालं?" नाही म्हणता येईना.
दुकानात काका एकटेच. टेबलावर तो डबा. त्यावरच ते हेडफोन लावून बातम्या ऐकत होते. मी पुढे होऊन आधी मागे बघितलं. लाल ठिपका अजून आहे, अख्खा.
त्यांनी हेडफोन काढला. मी वाटी पुढे केली. गोड बोला म्हणायचं असतं, ते निघेना. काकाच म्हणाले, "तिळगूळ घे, गोड बोल. बस रे झिला."
बसलो. सगळं सांगितलं. उलटा हेडफोन, वही, डॉक्टर, दोन रेघा. काका तिळगूळ चघळत ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "माका तेवाच कळला होता."
"तेव्हा म्हणजे कधी?"
"पयल्याच येळेक. दोनय बाजूंक मीटर लावलंय, आकडो सारखो. बाहेरून मोजूचा आसता ता, उघडूचा कशाक? ॲम्प बरो, हेडफोन बरो. मगे रवला काय? तुझो कान. म्हणान तुका म्हटलंय, उलटो घालून बघ. सगळ्यांच्या देखत ह्यापेक्षा जास्त काय सांगू?"
"पण मॅडमसमोर तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी ठिपका दाखवला तेव्हा..."
काका हसले. "काय बोलू? बाये, तुझो मीटरच बिघडलो? तुझी नोकरी ग्येली असती. मीच लावलेली, मीच घालवू?"
मला रडू आलं. त्यांच्यासमोर, दुकानात, नुकतीच आलेली एक बाई मिक्सर दुरुस्तीला घेऊन उभी असताना. काकांनी तिला मिक्सर ठेवून जायला सांगितलं.
म्हटलं, मी उद्याच मॅडमना सांगतो.
"सांगा नको."
"का?"
"माझा काम ग्येला ता ग्येला. आता तू पण घालवलंस तर माझा ग्येला ता फुकट ग्येला." मग डब्याचा नॉब बोटाने दाखवला. "कॉम्प्युटर शंभर, नॉब नऊ. ह्याच्या वर जावचा नाय. कानान लावू नको, आकड्यान लाव. डावीकडे येता तर येवंदे. शब्द कळतत ना?"
"कळतात."
"मगे?"
मी म्हटलं, काका, हा ठिपका तरी काढा. नखाने खरवडायला गेलो तर त्यांनी हात बाजूला केला. "ऱ्हवंदे. माझो डबो कोणी उघडूक नाय, याचो पुरावो तो."
चेष्टा करत होते. मला हसता आलं नाही.
घरी पुढच्या गेटने आलो.

१५ जानेवारी
दिवसभर नॉब नऊवर. डावा १००, उजवा १००. वाचन डाव्या कानात. सहा चुका सापडल्या, एकही सुटली नसावी. दोनदा ऐकून खात्री केली. एका कानानेही कळतं. पण पक्कं सांगणार कोण? मी? माझ्या 'पक्कं'मुळेच हे सगळं झालं.
रोहन म्हणाला, "आज डावा-उजवा नाही? बरा आहेस ना?" त्याला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.
संध्याकाळी दोन पत्रं लिहिली, मॅडमना. पहिल्यात: परबकाकांचा ॲम्प चांगला होता, तक्रार माझी चुकीची होती, त्यांना परत बोलवा. कान नाही. दुसऱ्यात तेच, आणि कान. पहिलं वाचलं की मॅडम विचारणार, चूक झालीच कशी? मग मी काय सांगणार? म्हणजे पहिलं पत्र दुसऱ्याकडेच जातं, फक्त वळसा घालून. दुसरं दिलं तर काकांचं ऐकलं नाही. कुठलंच नाही दिलं तर काकांचं ऐकलं, असं म्हणून मी आयुष्यभर गप्प बसू शकतो. त्याचीच भीती वाटते. ते फार सोपं आहे.

१६ जानेवारी
सकाळी सव्वादहा. स्टुडिओत पहिला मीच आलो.
नेलपॉलिशची बाटली आणली होती. नवीन ॲम्पवर नऊच्या जागी लाल ठिपका लावला. वाळू दिला. नॉबची रेघ त्याच्यावर आणून ठेवली. हा माझ्यासाठी.
मॅडमच्या टेबलावर फुलदाणीखाली दुसरं पत्र ठेवलं. परत येऊन बसलो. परत गेलो, काढून घेतलं. वाचलं. शुद्धलेखनाची चूक नाही. पुन्हा ठेवलं. आता इथे बसून हे लिहितोय, आणि केबिनचं दार इथून दिसतं. अजून उठून काढता येईल. काका म्हणतील, सांगितलंस ना शेवटी. की काहीच म्हणणार नाहीत, परत "बरा" एवढंच.
पावलं वाजतायत. जिन्यावर की पॅसेजमध्ये, समजत नाही. कुठल्या बाजूने येतायत तेही नाही. मॅडम असतील. रोहनही असेल.
पत्र तिथेच आहे.